भूगोलाची पदवी : रोजीच्या बाजारात तिची किंमत किती?

बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत एकच चर्चा सुरू होते. ज्याला चांगले गुण मिळाले त्याने इंजिनिअरिंग वा डॉक्टरीकडे जावे, ज्याला मध्यम मिळाले त्याने कॉमर्स घ्यावे आणि ज्याचे काहीच जमले नाही त्याने कला शाखेत नाव घालावे, असा जणू अलिखित कायदाच झाला आहे. कला शाखेत गेलेल्या मुलालाही विषय निवडताना कोणी विचारत नाही. मित्राने भूगोल घेतला म्हणून याने भूगोल घेतला. कॉलेज घराजवळ आहे व तिथे तोच विषय आहे म्हणून मुलीने भूगोल घेतला. तीन वर्षांनी हाती पदवी येते आणि वडील विचारतात, "बेटा, आता याचे काय करायचे?" तेव्हा मुलाजवळ उत्तर नसते.

प्रश्न वडिलांचा चुकीचा नाही. टेम्पो चालवून, लूमवर पाळी करून किंवा भाजीची गाडी लावून ज्या बापाने तीन वर्षे मुलाला कमाईपासून मोकळे ठेवले, त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. म्हणूनच व्यापार-उद्योगाच्या या पानावर आज एका विद्यापीठीय विषयाचा जमाखर्च मांडत आहोत. भूगोलाच्या पदवीत नेमके काय शिकवतात, त्यातील कोणत्या मालाला बाजारात मागणी आहे, कोणते दरवाजे उघडतात आणि कोणते उघडत नाहीत, हे सरळ पाहू.

हा विषय आपल्याला परका नाही

कुरआनात पृथ्वीवर फिरून डोळे उघडे ठेवून पाहण्याची ताकीद अनेक ठिकाणी आली आहे. आपल्या पूर्वजांनी ती मनावर घेतली होती. अल-बिरुनीने डोंगराच्या माथ्यावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढण्याची रीत मांडली. अल-इद्रीसीने सिसिलीचा राजा रॉजर याच्या दरबारात बसून इ.स. ११५४ मध्ये त्या वेळच्या ज्ञात जगाचा नकाशा पूर्ण केला. त्यात दक्षिण दिशा वरच्या बाजूला होती. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास आपल्या कोकणातील सैमूर, म्हणजे आजच्या अलिबागजवळील चौल बंदरात आला होता आणि तेथील मुस्लिम वस्तीची नोंद त्याने करून ठेवली.

इतके दूर जायचे नसेल तर हिंदुस्थानच्या मोजणीचा इतिहास पाहावा. १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्ब्टन याने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. हा लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाट येथे वारला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात मोजणीची नाजूक यंत्रे दुरुस्त करण्याचे काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आले. कोणत्याही इंग्रजी शाळेत न शिकलेला हा कारागीर हाताच्या कसबावर सर्वेक्षण खात्याचा यंत्रनिर्माता बनला. स्वातंत्र्यानंतरच्या काळातही अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे प्रा. मोहम्मद शफी, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले प्रा. मूनिस रझा, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांमुळे माहीत असलेले प्रा. माजिद हुसेन ही भूगोलातील मान्यवर नावे आहेत. अलीगढचा भूगोल विभाग देशातील सर्वांत जुन्या विभागांपैकी एक आहे. तेव्हा हा विषय "नापासांचा विषय" आहे ही समजूत आपणच करून घेतलेली आहे.

तीन वर्षांत काय शिकवतात?

शाळेतला भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्यांची पाठांतरे. पदवीचा भूगोल त्याहून निराळा असतो. त्याचे ढोबळ तीन भाग पडतात.

पहिला भाग प्राकृतिक भूगोलाचा. यात जमिनीची रूपे कशी घडतात, वारे व पाऊस कसा चालतो, समुद्राच्या लाटा व भरती-ओहोटी यांचे नियम काय, हे येते. कोकणात वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि सह्याद्री ओलांडून मालेगावच्या बाजूला गेले की त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच, असे का? वारे डोंगर चढताना थंड होऊन पाणी टाकतात व पलीकडे उतरताना कोरडे होतात, म्हणून. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

दुसरा भाग मानवी भूगोलाचा. लोकसंख्या, स्थलांतर, शेती, उद्योग, वाहतूक, शहरे, बाजारपेठा हे त्याचे विषय. व्यापारी घरातल्या मुलाला सर्वाधिक उपयोगाचा भाग हाच होय.

तिसरा भाग प्रात्यक्षिकांचा. नकाशाचे प्रमाण, प्रक्षेपणे, सर्वेक्षण, सांख्यिकी, हवामानाचे नकाशे, उपग्रहाची चित्रे आणि संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणाली, जिला सगळे जीआयएस म्हणतात. याखेरीज क्षेत्रअभ्यास असतो. विद्यार्थ्यांनी एखाद्या गावी जाऊन घरोघरी माहिती गोळा करायची व अहवाल लिहायचा. पुष्कळ विद्यार्थी याला सहल समजतात. खरे तर कंपन्या ज्याला बाजार-पाहणी म्हणतात, त्याचेच हे पहिले शिक्षण आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवता येते. भूगोल हा कला शाखेचा विषय मानला जात असला तरी काही महाविद्यालयांत तो विज्ञान शाखेतही, म्हणजे बी.एस्सी.लाही घेता येतो. बारावी विज्ञान झालेल्या मुलांनी ही चौकशी अवश्य करावी. पुढे तांत्रिक अभ्यासक्रमांत तिचा फायदा होतो.

किब्ला, जवाल आणि नकाशा

प्रात्यक्षिकाच्या तासाला "प्रक्षेपण" हा शब्द आला की मुले जांभया देतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. याचा आपल्या जीवनाशी संबंध काय, असे वाटेल. एक उदाहरण पाहा.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का सुमारे साडेएकवीस अंशावर. दोहोंच्या रेखांशांत सुमारे ३३ अंशांचा फरक आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे फक्त चारेक अंश कललेला दिसतो. पण पृथ्वी गोल आहे. तिच्या पृष्ठावरून सर्वांत जवळच्या वाटेने मक्केकडे निघायचे तर मुंबईत तोंड पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे दहा अंश वळवावे लागते. सपाट नकाशा खोटा नाही. तो एक गोष्ट जपण्यासाठी दुसरी सोडून देतो. कोणता नकाशा काय जपतो व काय सोडतो हे ओळखणे म्हणजेच प्रक्षेपण शिकणे. विमानाचे व जहाजाचे मार्ग याच हिशेबाने आखले जातात.

दुसरे उदाहरण वेळेचे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सव्वासहा अंश आहे. म्हणून नागपुरात जवाल मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी होतो, जरी घड्याळ दोन्हीकडे एकच असले तरी. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर धरली आहे. जुन्या लोकांना आठवत असलेला "मुंबई टाइम" तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होता, तो याच गणितामुळे. मशिदीतले नमाजच्या वेळांचे तक्ते गावोगावी वेगळे का असतात, हे ज्या मुलाला समजले त्याला रेखांश पाठ करावे लागत नाहीत.

व्यापाऱ्याच्या मुलाला उपयोग काय?

दुकान कोठे काढावे, गोदाम कोठे घ्यावे, माल कोणत्या वाटेने आणावा, हे प्रश्न आपले व्यापारी बांधव अनुभवाने सोडवतात. भूगोल त्याच अनुभवाला पद्धत देतो.

भिवंडीचेच पाहा. लूमचे गाव गोदामांचे गाव कसे झाले? एक तर ते मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. दुसरे, १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि तिथून येणाऱ्या मालाला मुंबई शहरात न शिरता थांबण्याची जागा हवी होती. तिसरे, मुंबई महापालिकेची जकात हद्दीबाहेर लागत नव्हती. चौथे, आजूबाजूच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत मोकळी, सपाट व स्वस्त जमीन होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली. तरी गोदामे गेली नाहीत. कारण बाकीची तीन कारणे शिल्लक होती. एखाद्या जागेचा धंदा एका कारणावर उभा आहे की चार कारणांवर, हे तपासणे म्हणजे आर्थिक भूगोल. ज्याने केवळ जकातीचा फायदा पाहून पैसा गुंतवला आणि ज्याने रस्ता, बंदर व जमीन पाहून गुंतवला, त्या दोघांच्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक होता.

मालेगावही तसेच. मोसम आणि गिरणा नद्यांच्या संगमावरचे, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडून याच रस्त्याने निघालेली विणकर कुटुंबे येथे थांबली. रस्ता, पाणी आणि आसपास पिकणारा कापूस हे तीनही एकत्र मिळाले म्हणून त्यांचे हातमाग येथे टिकले व पुढे यंत्रमाग झाले. बकरी ईदला देवनारला राजस्थानातून बकरे का येतात? कोरड्या प्रदेशात शेतीचा भरवसा नसतो. तेथे काटेरी झुडपांवर जगणारे जनावर हीच शेतकऱ्याची बचत असते. जिथे पाऊस कमी तिथे बकरा जास्त, आणि जिथे शहर मोठे तिथे गिऱ्हाईक जास्त. या दोन टोकांना जोडणारा धंदा म्हणजे ती मंडी.

नकाशा वाचणे ही एक मिळकत आहे

भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ मध्ये झाली. त्याचे १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे पदवीच्या वर्गात वापरतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा बहुधा वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात. समजा एखाद्याला पोल्ट्री शेडसाठी माळ घ्यायचा आहे. नकाशावर त्या जागी दोन शेजारच्या रेषा चार मिलिमीटर अंतरावर आहेत. चार मिलिमीटर म्हणजे दोनशे मीटर. तेवढ्यात चढ वीस मीटर. म्हणजे दहा मीटरला एक मीटर चढ. भरलेली गाडी पावसाळ्यात तेथे चढेल काय, सपाटीकरणाला किती खर्च येईल, याचा अंदाज जागा पाहण्यापूर्वीच बांधता येतो.

दुसरी गोष्ट जमिनीच्या कागदांची. आपल्याकडे सातबारा वाचणारे पुष्कळ सापडतात, पण गावनकाशा, टिपण, फाळणी व गटबुक वाचणारे फार थोडे. जुनी मोजणी ३३ फुटांच्या शंकुसाखळीने होत असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजचा हिशेब हेक्टर-आरमध्ये चालतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा. या फरकाकडे दुर्लक्ष करून सौदे होतात आणि मग भाऊबंदकीत कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

मोबाइलमधील जीपीएसवर विसंबून कुंपण घालणारेही भेटतात. मोबाइलचे स्थान उघड्या मैदानातही काही मीटरनी चुकू शकते. एक गुंठ्याच्या चौरस प्लॉटची बाजू सुमारे दहा मीटर असते. पाच मीटरची चूक झाली तर अर्धा प्लॉट शेजाऱ्याचा! म्हणून हद्दीच्या कामासाठी सेंटिमीटरपर्यंत अचूक असलेली यंत्रे वापरतात. महाराष्ट्रात यासाठी कायमस्वरूपी संदर्भ केंद्रे उभारली असून भूमी अभिलेख विभाग रोव्हर नावाचे यंत्र मोजणीस वापरतो. कोणते साधन कोणत्या कामाला पुरेसे आहे, हे सांगता येणे हेच शिकलेल्या माणसाचे लक्षण.

या कामाची गरज आपल्या समाजाला आज विशेष आहे. वक्फ कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्राच्या "उम्मीद" पोर्टलवर वक्फ मालमत्तेची नोंद तिच्या भौगोलिक स्थानासह करण्याची व्यवस्था आली. कायद्याविषयी मते काहीही असोत. कब्रस्तान, मशीद, दर्गा व इनाम जमिनी यांच्या हद्दी कागदावर आणि नकाशावर जुळलेल्या असणे हे प्रत्येक ट्रस्टीच्या हिताचे आहे. रस्ता रुंदीकरणाची नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच गट नंबर, मिळकत पत्रिका, मोजणीची "क" प्रत आणि जागेचा नकाशा एका फाइलीत लावून ठेवावा. हे काम करून देणारे तरुण प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी आपल्यातून तयार व्हावेत. त्यात रोजीही आहे आणि खिदमतही.

दरवाजे कोणते?

पहिला दरवाजा शिक्षकीचा. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. करावे लागते. पहिली ते आठवीसाठी टीईटी आणि भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. कॉलेजात शिकवायचे तर एम.ए. किंवा एम.एस्सी. ५५ टक्क्यांनी करून नेट वा सेट. हा मार्ग इज्जतीचा आहे, पण भरती वर्षानुवर्षे रेंगाळते. केवळ याच्या भरवशावर बसू नये.

दुसरा दरवाजा स्पर्धा परीक्षांचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व व मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनात भूगोल आहेच. शिवाय तो वैकल्पिक विषय घेतल्यास २५० गुणांचे दोन पेपर, म्हणजे लेखी परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण याच विषयाचे. राज्यसेवा परीक्षेतही २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत व वैकल्पिक विषय आले आहेत. म्हणजे पदवीचा अभ्यास मनापासून केलेल्या मुलाची तयारी तेथूनच सुरू झालेली असते. परंतु निवड फार थोड्यांची होते, हेही ध्यानात ठेवावे आणि किती वर्षे द्यायची ते घरात बसून आधीच ठरवावे.

तिसरा दरवाजा जीआयएस आणि दूरसंवेदनाचा. मागणी आज येथेच वाढत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे व भौगोलिक माहिती तयार करण्यावरील बरीच बंधने उठवली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्यामुळे खासगी कंपन्यांना मोकळीक मिळाली. महापालिकांची मालमत्ता कर आकारणी, पाणीपुरवठ्याच्या नळांचे जाळे, मोबाइल टॉवरची जागा, पीक विमा, घरपोच माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांचे मार्ग, या सर्वांत हे काम लागते. गावठाणांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यासारख्या कामांनीही या क्षेत्राला चालना दिली. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे काही अभ्यासक्रम घरबसल्या व विनाशुल्क करता येतात. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. इस्रोचे "भुवन" संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. म्हणजे एक साधा संगणक आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर सुरुवात होऊ शकते. पदवीनंतर भूमाहितीशास्त्रात एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका केल्यास दर्जा वाढतो.

चौथा दरवाजा नगररचनेचा. भूगोलात एम.ए. झाल्यावर अनेक संस्थांत नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो. शहरांचे विकास आराखडे तयार होतात तेव्हा आपल्या वस्त्यांची शाळा, दवाखाना, कब्रस्तान यांची आरक्षणे कोठे पडतात, याकडे पाहणारा आपल्यातला माणूस त्या टेबलावर बहुधा नसतो.

पाचवा दरवाजा स्वतंत्र धंद्याचा. हज-उमरा व पर्यटनाचा व्यवसाय, मालवाहतूक, बाजार-पाहणी, ड्रोनने चित्रण व मोजणी. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. चालकाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वय किमान १८ वर्षे, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण लागते. ड्रोन उडवणारे आता पुष्कळ होतील. पण त्याने टिपलेल्या चित्रांतून मोजमापाचा नकाशा बनवणारे थोडे राहतील. भूगोलाच्या पदवीधराने दुसऱ्या कामावर नजर ठेवावी.

कोणते दरवाजे उघडत नाहीत?

हेही स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण खोट्या आशेवर वर्षे वाया जातात.

भूमी अभिलेख विभागात भूकरमापकाची भरती निघते तेव्हा भूगोलाचे पदवीधर मोठ्या उमेदीने जाहिरात पाहतात. पण त्या पदासाठी सिव्हिल इंजिनिअरिंगची पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर अभ्यासक्रम मागतात. भूगोलाची पदवी तेथे पुरत नाही. ज्याला सरकारी मोजणी खात्यातच जायचे आहे त्याने आधी आयटीआयचा विचार करावा; पदवी मागाहूनही करता येते. तसेच इस्रोतील शास्त्रज्ञाच्या किंवा हवामान खात्यातील बऱ्याच तांत्रिक पदांना इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र वा गणित लागते. कला शाखेचा भूगोल घेऊन तेथे थेट पोहोचता येत नाही. खासगी माणसाने केलेला नकाशा माहितीसाठी उपयोगी असला तरी हद्दीच्या वादात भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीची जागा तो घेत नाही, हेही गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगावे.

संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी एक बदल लक्षात घ्यावा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद करण्यात आली. पीएच.डी.चा खर्च भागवण्यासाठी आता नेटमधील कनिष्ठ संशोधन फेलोशिपसारखे मार्ग पाहावे लागतात. पदवीच्या फी-सवलतीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरील योजना तपासून वेळेत अर्ज भरावा. आपले पुष्कळ विद्यार्थी पात्र असूनही उत्पन्नाचा दाखला वेळेवर न काढल्याने राहून जातात.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी

आपल्या अनेक मुलामुलींची दहावी उर्दू माध्यमातून होते. विषय त्यांना येत असतो, शब्द येत नाहीत. कॉलेजात प्राध्यापक "अक्षवृत्त" म्हणतात आणि मुलगी गप्प बसते, कारण तिने शाळेत "अर्ज बलद" शिकलेले असते. ही अडचण महिनाभरात दूर होण्याजोगी आहे. एका वहीत तीन रकाने करावेत : उर्दू, मराठी, इंग्रजी. अर्ज बलद म्हणजे अक्षांश, लॅटिट्यूड. तूल बलद म्हणजे रेखांश, लाँजिट्यूड. खत्त-ए-इस्तिवा म्हणजे विषुववृत्त, इक्वेटर. सतह-ए-मुर्तफा म्हणजे पठार, प्लॅटो. जझीरानुमा म्हणजे द्वीपकल्प, पेनिन्सुला. आबनाए म्हणजे सामुद्रधुनी, स्ट्रेट. खलीज म्हणजे आखात, गल्फ. असे दोनशे शब्द झाले की पुस्तक उघडते. बालभारतीची भूगोलाची पुस्तके उर्दूत आणि मराठीतही निघतात. सहावी ते दहावीची दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर हा रकाना आपोआप भरतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. क्षेत्रअभ्यासाला पाठवायला घरचे कचरतात आणि मग त्या अहवालाचे गुण व अनुभव दोन्ही जातात. पालकांनी प्राध्यापकांना भेटून सोबत कोण आहे, मुक्काम कोठे आहे, हे विचारून घ्यावे. शक्य असल्यास जवळच्या गावाचा अभ्यास मागावा. परंतु परवानगी नाकारून विषय अर्धा शिकवू नये. जीआयएसचे बरेचसे काम संगणकावर होते, हेही मुलींच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

प्रवेशापूर्वी तीन प्रश्न

कॉलेजात नाव घालण्याआधी पालकांनी स्वतः जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. एक : भूगोल हा मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत आहे काय, की केवळ पहिल्या वर्षाला? दोन : प्रयोगशाळेत सर्वेक्षणाची साधने व चालू स्थितीतील संगणक आहेत काय आणि विद्यार्थ्यांच्या हाती देतात काय? तीन : प्रात्यक्षिके शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे "होय" असतील तर विषय घेण्यास हरकत नाही.

आणि विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या शेवटी पदवीच्या कागदाबरोबर चार गोष्टी हाती असतील, असे पाहावे : स्वतः बनवलेले दहा नकाशे, स्वतः लिहिलेला एक क्षेत्रअभ्यास अहवाल, जीआयएसचे एक प्रमाणपत्र आणि सुट्टीत एखाद्या मोजणीदाराच्या हाताखाली केलेले दोन महिन्यांचे काम. बाजारात पदवी सगळ्यांजवळ असते. मालक विचारतो, "काय येते?" त्याला दाखवायला हे चार नग लागतात.

ज्या बापाने "याचे काय करायचे?" म्हणून विचारले, त्याला उत्तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शोधायचे नसते. ते पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात ठरवायचे असते. तसे ठरवून घेतलेला भूगोल हलाल रोजीचे साधन होऊ शकतो, इन्शाअल्लाह. न ठरवता घेतला तर इतर कोणत्याही पदवीसारखाच तो भिंतीवर टांगला जातो.